परवान्याचे पीक आणि पहाऱ्याचा खर्च

भाताच्या लोंब्या बाहेर पडून दाणा भरू लागला होता, अशा दिवसांत चांदीप येथे आम्ही काही शेतकरी मंडळी एकत्र बसलो होतो. बोलणे नेहमीचेच चालले होते : भाताचा भाव, कापणीस माणूस न मिळणे, रानडुकरांचा उपद्रव, आणि विरारच्या बाजूने सरकत येणारी घरबांधणी. इतक्यात एका गृहस्थांनी आम्हांस सरळ प्रश्न केला. ते म्हणाले, "उत्तराखंडात सरकार भांगेच्या झाडाचा परवाना देते म्हणे. मग आम्हांसच तो का नसावा ? आमचे ओहोळाकडील दहा गुंठे भातास फारसे उपयोगाचे नाहीत. परवाना मिळाला तर त्यात आम्ही हे पीक घेऊ." मंडळी हसली. आम्ही मात्र हसलो नाही. प्रश्न विचारणारे गृहस्थ व्यसनी नाहीत, उडाणटप्पूही नाहीत. नफ्यातोट्याचा हिशेब मांडणारे आहेत, आणि हिशेबी मनुष्याच्या प्रश्नास हिशेबानेच उत्तर दिले पाहिजे. त्या दिवशी ते आमच्याजवळ पूर्ण नव्हते. ते आता येथे देत आहोत.

असा प्रश्न मनात येणारे हे पहिलेच शेतकरी नव्हेत. २०२१ च्या ऑगस्ट महिन्यात सोलापूर जिल्ह्याच्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने आपल्या दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागितली होती. कोणतेही पीक घेतले तरी खर्च निघत नाही, गांज्यास मात्र भाव आहे, असे त्याचे म्हणणे होते; आणि ठराविक तारखेपर्यंत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे समजून आपण लागवड सुरू करू, असेही त्याने कळविले होते. अर्ज पोलिसांकडे गेला, आणि पोलिसांनी तो केवळ प्रसिद्धीसाठी केलेला प्रकार ठरविला. तो तसा होता की नव्हता, या वादात आम्ही पडत नाही. पण त्या अर्जात एक गोष्ट कोठेच नव्हती, आणि चांदीपच्या बैठकीतही ती कोणी काढली नाही. ती ही, की परवाना मिळाल्यावर त्या पिकाची राखण कोणी करावयाची, आणि त्या राखणीचा खर्च कोणाच्या पदरी पडावयाचा ?

प्रथम आजचा कायदा पाहू. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा १९८५ चा केंद्रीय कायदा त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरपासून अमलात आहे. त्याच्या ८ व्या कलमान्वये या झाडाची लागवड मना आहे. औषधी वा शास्त्रीय कामासाठी सरकारने नियमाने मोकळीक दिली असेल तेवढाच अपवाद. १० व्या कलमाने राज्य सरकारास लागवड परवान्याने नियमित करण्याचा अधिकार आहे, आणि १४ व्या कलमाने केवळ धागा वा बी मिळविण्याच्या औद्योगिक हेतूसाठी अथवा बागकामासाठी लागवडीस मोकळीक देता येते. महाराष्ट्रात सर्वसाधारण शेतकऱ्यास ही वाट आज खुली नाही. विनापरवाना लागवडीस २० व्या कलमाखाली १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे, कारण तो खेड्यांतून फार ऐकू येतो. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे वा फळधारी शेंडे; शेंड्यांशिवाय असलेली नुसती पाने व बी त्या व्याख्येत येत नाहीत, आणि म्हणून भांग हा पदार्थ त्या कायद्याबाहेर राहून राज्यांच्या अबकारी नियमांखाली जातो. यावरून कोणी असा निष्कर्ष काढतात, की पानांसाठी झाड लावले तर गुन्हा नाही. हा निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा व घात करणारा आहे. २० व्या कलमाने लागवडीस जी शिक्षा सांगितली ती झाड लावण्यास आहे. लावणाऱ्याच्या मनात पान होते की शेंडा होता, हे तेथे कोणी विचारीत नाही. शिवाय ५४ व्या कलमान्वये, आपण कसलेल्या जमिनीत उभ्या असलेल्या अशा झाडाचा समाधानकारक खुलासा ज्यास देता येत नाही, त्याने गुन्हा केला असे न्यायालय गृहीत धरू शकते.

परवाना ही वस्तू आमच्या या बाजूस नवी नव्हे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर वसईच्या किनाऱ्यावरील ताडामाडांवर झाडागणिक कर बसला, आणि ज्यांचा पिढीजात धंदा झाड छेदण्याचा, त्या भंडारी समाजास आपल्याच वाडीतील झाडाखाली परवाना दाखविण्याची पाळी आली. पूर्वेकडील डोंगरपट्टीतील लोकांची गोष्ट याहून कठीण. १८९२ साली खास ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा झाला, आणि रानात आपोआप गळून पडणारे मोहाचे फूल घरात किती ठेवावे, यावरही सरकारची नजर बसली. तेव्हा वसई तालुका ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर जिल्हा २०१४ साली झाला. झाडास परवाना लागू झाला म्हणजे झाडाबरोबर अंमलदारही वाडीत येतो, हे आमच्या आजोबा-पणजोबांनी पाहिले आहे. तरुण मंडळीस ते ठाऊक नाही, एवढेच.

गांज्याचे परवानापीक खुद्द मराठी मुलुखातही होते. जुन्या मुंबई इलाख्यात या पिकाची लागवड मुख्यत्वे नगर व सातारा या दोन जिल्ह्यांत होत असे. (नगर म्हणजे ज्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले ते अहमदनगर.) पलीकडे मध्यप्रांतात ती निमाड जिल्ह्यात खंडव्याच्या भागात होई, आणि बंगालात राजशाही जिल्ह्यातील नौगाव परगण्यात. ब्रिटिश पार्लमेंटात या विषयावर प्रश्न निघाल्यावरून हिंदुस्थान सरकारने १८९३ साली एक आयोग नेमला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सात सभासदांपैकी तिघे हिंदी गृहस्थ. आयोगाने देशभर फिरून १,१९३ साक्षीदार तपासले व १८९४ साली सात खंडांचा अहवाल सादर केला. सर्वस्वी बंदी न करता नियंत्रण ठेवावे, असा त्याचा निर्णय होता. त्या नैतिक चर्चेत आम्हांस आज शिरावयाचे नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या अहवालात जे पाहण्यासारखे आहे ते निराळेच : निरनिराळ्या प्रांतांत शेतापासून दुकानापर्यंत मालावर पहारा कसा होता, याची तुलना. मुंबई इलाख्यातील बंदोबस्त आयोगास ढिला वाटला, कारण तेथे लागवडीवर बंधन असे थोडेच; विक्रीचा मक्ता देऊन सरकार बाजूस होई. बंगालची पद्धत आयोगाने नमुनेदार मानली, आणि परवाना व सरकारी वखार यांची शिफारस इतर प्रांतांसही केली.

ती बंगाली पद्धत थोडी विस्ताराने सांगतो, कारण पुढे जगात जेथे जेथे या पिकास परवाना मिळाला, तेथील नियमांचा सांगाडा तिच्याशी मिळताजुळता आहे. लागवड करणाऱ्याने आधी परवाना घ्यावयाचा, आणि त्यात शेत व क्षेत्र यांची नोंद व्हावयाची. पीक उभे असता अंमलदार येऊन पाहणी करी. या पिकात नर व मादी झाडे निरनिराळी असतात, आणि नराचा पराग मादीवर पडला की शेंड्यात बी धरून माल हलका होतो. म्हणून नरझाडे वेळीच ओळखून उपटावी लागतात. हे काम करणाऱ्या जाणत्यास तिकडे पोद्दार म्हणत, आणि त्याची मजुरी निराळी पडे. कापणीनंतर माल घरी नेण्याची मोकळीक नसे. तो चातर नावाच्या ठरलेल्या खळ्यावर न्यावयाचा; त्यास कुंपण असे, आणि माल तयार करण्याचे काम अबकारी खात्याच्या नजरेखाली चाले. तयार माल तोलून वखारीत जाई, आणि तेथून परवानेदार व्यापाऱ्यास पासाशिवाय तोळाभरही उचलता येत नसे. आंबराईतील राखण फळ पाडास लागल्यावर सुरू होऊन उतरणीबरोबर संपते. या पिकाची राखण पेरणीच्या आधी कागदावर सुरू होई आणि शेतकऱ्याच्या हातून माल गेल्यावरही काही काळ चालू राही.

हा सारा खर्च एकेकट्या कुळास कसा झेपावा ? तो झेपत नव्हताच. सावकार व दलाल यांच्या हाती कुळे सापडली होती. या अडचणीतून १९१७ साली नौगाव येथे गांजा उत्पादकांची सहकारी सोसायटी स्थापन झाली. उत्पादनाचा व विक्रीचा कारभार तिच्या हाती आला, आणि हजारो लहान शेतकरी तिचे सभासद झाले. नफ्यातून तिने शाळा, दवाखाने व रस्ते यांस पैसा पुरविला. गांज्याच्या पैशावर शाळा चालाव्या हे काही वाचकांस रुचणार नाही, आणि आम्हांसही त्यात थोडे चमत्कारिक वाटते. परंतु दारूच्या उत्पन्नावर शाळा चालविणारी सरकारे आपण पाहिलीच आहेत. आमचा मुद्दा सोसायटीच्या पुण्याचा नसून तिच्या हिशेबाचा आहे. खळे, वखार, काटा आणि पहारा या चार गोष्टी तेथे सामाईक झाल्या, म्हणून लहान शेतकरी त्या धंद्यात टिकू शकला. फाळणीनंतर नौगाव पूर्व पाकिस्तानात गेले, पुढे बांगलादेशात आले, आणि १९८७ साली तेथील लागवड बंद झाली. आपल्याकडे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मादक वनस्पती बंदोबस्ताखाली घेतल्या होत्याच. १९८५ च्या कायद्याने उरलीसुरली वाट बंद केली.

जुन्या काळाची ही हकीकत बाजूस ठेवली तरी, परवान्याच्या मादक पिकाचे एक जिवंत उदाहरण आपल्या शेजारीच आहे. मध्य प्रदेशातील नीमच व मंदसौर, राजस्थानातील चित्तोडगड व प्रतापगड, आणि उत्तर प्रदेशातील काही भाग येथे अफूची लागवड आजही परवान्याने होते. त्यावर केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोची देखरेख असून तिची मुख्य कचेरी ग्वाल्हेरीस आहे. परवाना एका हंगामाचा. एकेका शेतकऱ्यास मिळणारे क्षेत्र गुंठ्यांत मोजण्याइतके लहान. अंमलदार शेत मोजून जातात. बोंडास चीर देऊन निघालेला चीक रोजच्या रोज तोलावयाचा, आणि गावच्या लंबरदाराने तो वहीत लिहावयाचा. ही वही अंमलदार केव्हाही पडताळून पाहू शकतो. हंगामाअखेर सर्व अफू सरकारी तोलाईकेंद्रावर द्यावयाची, आणि ठरविलेल्या किमान प्रमाणात उतारा न पडल्यास पुढच्या वर्षीचा परवाना धोक्यात. गारपिटीने पीक झोपले तर ते मनास येईल तसे मोडावयाचे नाही. अर्ज करून अंमलदाराच्या समक्ष उपटावे लागते. परवानेदाराने अफूची अफरातफर केल्यास शिक्षा १० ते २० वर्षांची. तेथील पोपटांस बोंडांची चटक लागते, म्हणून शेतावर जाळी टाकून दिवसभर बसावे लागते. रात्री नीलगायी येतात, आणि चोराची भीती दोन्ही वेळा. पोपटाने खाल्लेला तोटाही अखेर शेतकऱ्याच्याच उताऱ्यातून वजा होतो, कारण पोपट वहीवर सही करीत नाही !

आता चांदीपच्या त्या दहा गुंठ्यांकडे वळू. समजा, उद्या महाराष्ट्र सरकारने परवाने सुरू केले. पहिली अट कुंपणाची येईल, हे भविष्य सांगण्यास ज्योतिषी नको. कुंपणाचा खर्च जमिनीच्या क्षेत्रावर नसून घेरावर असतो, ही गोष्ट प्रत्येक शेतकरी जाणतो, तरी हिशेब करताना विसरतो. दहा एकरांचे चौरस शेत घ्या. त्याची एक बाजू ६६० फूट, सारा घेर २,६४० फूट. म्हणजे एकरी २६४ फूट कुंपण पडले. एक एकराच्या चौरस शेताची बाजू सुमारे २०९ फूट, घेर सुमारे ८३५ फूट. आणि दहा गुंठ्यांची बाजू सुमारे १०४ फूट, घेर ४१७ फूट. याचा एकरी हिशेब केला तर १,६७० फुटांच्या जवळ जातो. म्हणजे दहा गुंठेवाल्यास एकरामागे जे कुंपण घालावे लागते, ते दहा एकरवाल्याच्या सहापटीहून अधिक. हा हिशेब चौरस शेताचा झाला. आमच्या बाजूची खाचरे ओहोळाच्या वळणाने लांबट व वाकडी असतात. तेथे घेर याहूनही वाढतो.

दुसरी अट पहाऱ्याची. एका ठिकाणी अहोरात्र एक मनुष्य उभा ठेवावयाचा, तर आठवड्याचे तास १६८ होतात. एका माणसाकडून आठवड्यास ४८ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये असे मानले, तर साडेतीन माणसे लागतात, आणि अर्धा मनुष्य कामावर ठेवता येत नसल्यामुळे चार. हे चार पगार दहा गुंठ्यांवर पडले काय आणि दहा एकरांवर पडले काय, आकडा तोच. "आम्हीच घरची माणसे राखण करू", असे कोणी म्हणेल. भातास ते चालते. पण ज्या मालाच्या हिशेबात तूट आल्यास मालकास तुरुंग दिसतो, त्या मालापाशी झोप लागलेला भाऊ हा चोराइतकाच महाग पडेल.

तिसरी अट कागदाची, आणि आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित ती हीच. आत कोण आले, केव्हा गेले. किती झाडे लावली, किती मेली, किती उपटली. ओला माल किती, वाळून किती राहिला. काडीकचरा कोणाच्या समक्ष जाळला. गाडी कोणत्या पासाने निघाली. या प्रत्येकाची वही. वाळवणात वजन घटते हे कांदेवाल्यास वा मिरचीवाल्यास सांगावयास नको. परंतु येथे ती घट मान्य प्रमाणात बसली पाहिजे, नाही तर ती चोरी समजली जाईल. परवानेदाराने वा त्याच्या नोकराने हिशेब न ठेवणे किंवा मागितल्यावर परवाना न दाखविणे, यांस १९८५ च्या कायद्याच्या २६ व्या कलमान्वये ३ वर्षांपर्यंत कैद वा दंड वा दोन्ही आहेत. म्हणजे माल पूर्ण असला, एक तोळाही बाहेर गेला नसला, तरी वही कोरी राहिली म्हणून शिक्षा होऊ शकते. शेतात दिवसभर राबून रात्री वही लिहिणारे आमच्यात किती आहेत, हे ज्याचे त्याने आपल्या मनास विचारावे.

परदेशात याच प्रश्नावर काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून या पिकाचा परवानाबद्ध धंदा देशभर खुला केला. तेथील मोठ्या परवानेदारावर त्या वर्षीच्या नियमांनी घातलेला बोजा असा : आवाराच्या साऱ्या कडेवर सतत नजर, चित्रण करणारे कॅमेरे आणि ते चित्रण निदान एक वर्ष जपून ठेवणे, कोणी घुसल्यास इशारा देणारी यंत्रणा, मालाच्या दालनात ठरलेल्या माणसांशिवाय कोणास प्रवेश नाही. हा खर्च लहानांस मारील, हे ओळखून त्याच सरकारने लहान परवान्याचा एक वर्ग निराळा काढला. लागवडीचे क्षेत्र २०० चौरस मीटर, म्हणजे आपले सुमारे दोन गुंठे. त्यास कॅमेऱ्यांची व इशाराघंटेची सक्ती नसून कुंपण व बंद कोठार यांवर भागविले. २०२५ साली ही मर्यादा वाढवून ८०० चौरस मीटर, म्हणजे आठ गुंठ्यांच्या आसपास, करण्यात आली. सुरक्षेचे नियम करणाऱ्याने लहान व मोठा यांस एकच माप लावले, तर तो नकळत मोठ्यासच धंदा देतो. कॅनडास ही गोष्ट नियम करतानाच सुचली. नौगावच्या कुळांस ती कर्जात बुडाल्यावर उमगली.

आमच्या प्रश्नकर्त्या गृहस्थांनी ज्या उत्तराखंडाचा दाखला दिला, तेथील प्रकार याहून वेगळा आहे. त्या राज्याने २०१८ पासून जी लागवड खुली केली, ती धागा व बी यांसाठी असलेल्या औद्योगिक जातीची. तिच्यात टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल या मादक द्रव्याचे प्रमाण शेकडा ०.३ हून अधिक असता कामा नये. बियांपासून तेल व पीठ करून ते खाद्य म्हणून विकण्यास भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली नियम घालून मोकळीक दिली, त्यामुळे या मालास काही बाजारही आहे. हिमाचल प्रदेशानेही २०२५ च्या जानेवारीत आपल्या दोन विद्यापीठांमार्फत प्रायोगिक लागवडीस मान्यता दिली. या जातीस गांज्याइतका चोराचा धोका नाही हे खरे. पण तिचा पहारेकरी प्रयोगशाळेत बसलेला असतो. अमेरिकेत २०१८ च्या शेती कायद्याने हीच ०.३ ची मर्यादा घातली, आणि कापणीपूर्वी ३० दिवसांच्या आत नमुना काढून तपासला जातो. मर्यादा ओलांडली तर तो माल जसाच्या तसा विकता येत नाही. शेतकऱ्याने चोरी केली नाही, हिशेब लपविला नाही, केवळ बियाणे वाईट निघाले, आणि हंगाम बुडाला. उत्तराखंडातही गावरान बियाण्यात मादकता मर्यादेबाहेर भरते, ही अडचण पुढे आली. तेव्हा तेथील मुख्य प्रश्न कुंपणाचा नसून खात्रीच्या बियाण्याचा आहे, आणि कोकणच्या पावसात व दमट हवेत टिकणारे तसे बियाणे शेतकऱ्याच्या हाती आल्याखेरीज परवान्याची घाई करण्यात आम्हांस अर्थ दिसत नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. ज्यास केवळ धाग्याचे पीक हवे, त्यास ताग आणि अंबाडी ही दोन झाडे विनापरवाना मोकळी आहेत, आणि तागाने भाताच्या खाचरास हिरवळीचे खतही होते. अंबाडीच्या एका जातीचे शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस. त्यातील दुसरा शब्द तिच्या पानांच्या गांज्याशी असलेल्या साम्यावरून आला आहे. दुरून पाहणारा फसू शकतो. अंबाडीचे फूल भेंडीच्या फुलासारखे मोठे, फिकट पिवळे व मध्ये गर्द लाल असते, ही खूण सांगितली की शंका फिटते.

परवान्याची गोष्ट उद्याची; पण कायद्याने एक पहारा आजच प्रत्येक जमीनधारकावर बसविला आहे, आणि तो पुष्कळांस माहीत नाही. ४६ वे कलम असे सांगते, की आपल्या जमिनीत कोणी बेकायदा अफू, गांजा वा कोका यांची लागवड केली असेल, तर जमीनधारकाने पोलिसांस वा संबंधित अंमलदारास ताबडतोब खबर दिली पाहिजे; जाणूनबुजून न दिल्यास तो शिक्षेस पात्र होतो. ४७ व्या कलमाने हेच कर्तव्य सरपंच, पंच व गावकामगार यांवरही ठेविले आहे. राज्यात तुरीच्या, मक्याच्या वा उसाच्या आड लावलेली झाडे पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या वर्षातून अनेकदा येतात. चांदीपसारख्या ठिकाणी ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे, कारण या पट्टीतील कित्येक खातेदार आता वसई, विरार वा मुंबईस राहतात. जमीन कोणी खंडाने करतो, कोणी भाजीपाल्यासाठी तोंडी बोलीवर घेतो, आणि रानाच्या कडेचा तुकडा मालकाने वर्षानुवर्षे पाहिलेला नसतो. अशांस आमचे सांगणे आहे, की जमीन दुसऱ्यास देताना कोणते पीक घ्यावयाचे ते कराराच्या कागदात लिहून घ्यावे. पिकांची नोंद आता २०२१ पासून फिरत्या दूरध्वनीवरील ई-पीक पाहणीने होते. ती खंडकऱ्याच्या तोंडच्या माहितीवर न करता स्वतः बांधावर उभे राहून करावी. आणि संशयास्पद झाड दिसलेच, तर ते आपण उपटून घरी आणू नये व तेथेच जाळूही नये. उपटलेले झाड हातात असताना आपण पंच नसून आरोपी दिसतो. पोलिसांस व ग्रामपंचायतीस लेखी कळवावे, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.

आमच्या सोसायटीने या पिकाच्या बाजूने वा विरुद्ध ठराव करावा, असे आम्ही म्हणत नाही. गांज्याने घरे बुडालेली आम्ही पाहिली आहेत, आणि औषध म्हणून त्याचा उपयोग डॉ. ओशॉघ्नेसी यांनी कलकत्त्यास १८३९ पासून पाश्चात्य वैद्यकाच्या नजरेस आणला, हेही जाणतो. परंतु सरकारने कधी परवान्याचा विचार केला, तर शेतकऱ्यांच्या संस्थांनी नियम छापून येण्यापूर्वी आपले म्हणणे मांडले पाहिजे. आमचे म्हणणे इतकेच, की परवाना व्यक्तीस देण्याऐवजी संस्थेस द्यावा. खळे, वखार व काटा गावाचा एक असावा. पहाऱ्याचा पगार मालाच्या किमतीत धरावा. वाळवणाच्या घटीचे प्रमाण आधी लिहून द्यावे. आणि गारपीट, पूर वा बियाण्याचा दोष यांमुळे झालेल्या तुटीस गुन्हा न समजता पंचनामा करून निकाल द्यावा. ह्या गोष्टी मान्य नसतील, तर परवाना ज्यांच्याजवळ तारेचे कुंपण आधीच आहे त्यांच्यासाठी आहे, असे समजून लहान शेतकऱ्याने त्याच्या वाटेस जाऊ नये.

हे लिहून झाल्यावर आम्ही ते चांदीपच्या त्या गृहस्थांस वाचून दाखविले. कुंपणाचा हिशेब ऐकताच ते उठले, गोठ्यातील दावे घेऊन ओहोळाकडे गेले, आणि तासाभराने परत आले. आमचा हिशेब ४१७ फुटांचा. त्यांचे दावे ५६० फुटांच्या पुढे गेले होते. "तुम्ही चौरस धरले," ते म्हणाले, "ओहोळाने चौरस धरला नाही." मग तागाच्या बियाण्याचा भाव त्यांनी आम्हांस विचारला.